मुलाला देवनागरी येते, मग मराठी पुस्तक का उघडत नाही?

इंदुरातल्या सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग, कुठल्याही भागातलं मराठी घर घ्या. आजी मराठीत बोलते. आई-बाबा आजीशी मराठीत आणि मुलांशी अर्धं हिंदीत बोलतात, मुलं आपसांत पूर्ण हिंदीत. शाळेत इंग्रजी माध्यम आणि हिंदी एक विषय. या घरातलं दहा वर्षांचं मूल राजवाड्यावरच्या पाट्या धडाधड वाचतं, पण मराठी गोष्टीचं पुस्तक हातात दिलं की दुसऱ्या ओळीला खाली ठेवतं. मोठी माणसं म्हणतात, "गोडीच नाही त्याला." बहुतेक वेळा हा निदानातला घोटाळा असतो. अक्षरं ओळखीची दिसतात म्हणून मूल हिंदीच्या वेगाने वाचायला जातं आणि प्रत्येक तिसऱ्या शब्दाला ठेचकाळतं. जे आपल्याला येतं असं वाटत होतं तेच येत नाही, हा अनुभव मुलाला फार लागतो. तो टाळला की गोडी आपोआप लागायला बरीच जागा होते.

इंदुरातल्या मुलाला हिंदीची लिपी आधीच येते, ही मोठी शिल्लक आहे. तिच्यावरच सगळी बांधणी करायची. आणि मूल जे लिहील ते कुणीतरी खरोखर वाचलं पाहिजे. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती आहे.

आधी चाचपणी, दहा मिनिटांची

मुलाला परीक्षा आहे असं सांगू नका. तीन कामं सहज गप्पांत करून घ्या. तिसरीच्या पातळीचा साठ-सत्तर शब्दांचा हिंदी उतारा वाचायला द्या. तेवढाच सोपा मराठी उतारा द्या. मग तुम्ही एक छोटी मराठी गोष्ट मोठ्याने वाचा आणि त्याला ती आपल्या शब्दांत सांगू दे, हिंदीत सांगितली तरी चालेल.

हिंदी सरळ वाचलं, ऐकलेली गोष्ट कळली, फक्त मराठी उतारा अडखळला, तर हा लेख नेमका त्याच्यासाठी आहे. इंदुरात अशीच मुलं जास्त. हिंदीही अडखळत असेल तर अडचण मराठीची नाही, मात्रा आणि जोडाक्षरांची आहे. तिथे आधी दोन-चार आठवडे जोडाक्षरांवर काम करा, भाषा कुठलीही असो. आणि ऐकलेली मराठी गोष्टच कळली नसेल तर वाचन थांबवा. महिना-दीड महिना नुसतं ऐकवा, बोला, चित्रं दाखवून गोष्टी सांगा. जो शब्द कानाने कधी ऐकला नाही, तो डोळ्यांना दिसून उपयोग नसतो.

हिंदीतून येताना पाय कुठे अडकतो

पहिलं म्हणजे उच्चार. हिंदीत च, ज, झ यांचा एकच उच्चार असतो, मराठीत दोन. "चार" मधला च आणि "चाक" मधला च वेगळे. "जग" म्हणजे दुनिया आणि "जग" म्हणजे जगत राहा, लिहायला एकच, म्हणायला दोन. मुलाने "चाक" हिंदी पद्धतीने वाचलं की त्याला स्वतःच्याच तोंडून आलेला शब्द ओळखू येत नाही, घरात रोज ऐकलेला असूनही. नियम पाठ करायला लावू नका, जोड्या म्हणून घ्या: चमचा–चमचे, माझा–माझी. मोठ्याने चार वेळा म्हटलं की पुढे इ-ई किंवा ए आला की उच्चार बदलतो हे मूल स्वतःच पकडतं.

"ज्ञ" हिंदीत ग्य, मराठीत द्न्य. "कृष्ण" मधला ऋ हिंदीत रि, मराठीत रु. "पैसा" आणि "मौज" मधले ऐ-औ हिंदीपेक्षा वेगळे, अइ-अउ सारखे. ळ ला मुलं ल म्हणून पुढे जातात आणि "काळा" चा "काला" होतो. इथे अर्थ तरी कळतो, पण "गळा" चा "गला" आणि "नळ" चा "नल" झाला की पुढे लिहितानाही तसंच उतरतं. र चं ते लहानसं वळण, "वाऱ्यावर" मधलं, हिंदीत नसतंच. "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" म्हणजे दोन डोंगरांमधल्या खोल जागा, ही जोडी कागदावर मोठी लिहून भिंतीला लावा. महाराष्ट्रात छापलेल्या पुस्तकांत ल दोन पाकळ्यांचा आणि श देठाचा दिसतो, तेही पहिल्याच दिवशी बोट ठेवून दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण न केल्यास मूल प्रत्येक पानावर क्षणभर थांबतं.

दुसरी अडचण सगळ्यांत मोठी आणि तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं: लांब शब्द. हिंदीत "दादाजी के साथ" हे तीन तुकडे सुटे असतात. मराठीत "आजोबांबरोबर" एकसंध येतो. "शाळेतल्यासारखं" पाहिलं की मुलाचे डोळे थकतात. उपाय पेन्सिलचा. पुस्तकातच, हलक्या हाताने, तिरकी रेघ मारा:

शाळे / तल्या / सारखं
मुलां / ना / सुद्धा
झाडा / खालच्या

पहिला आठवडा रेघा तुम्ही मारा, दुसऱ्या आठवड्यात मुलाने माराव्यात, तिसऱ्या आठवड्यात फक्त अडेल तिथे. पुस्तक खराब होतं म्हणून हे टाळू नका. महिन्याभरात रेघा लागेनाशा होतात आणि त्या खोडताही येतात.

याच्याच जोडीला "लपलेला शब्द" हा खेळ घ्या. पावसात कोण लपलंय? पाऊस. देवळात? देऊळ. भावाने? भाऊ. पाण्यात? पाणी. दहा चिठ्ठ्या, एका बाजूला "पावसात", मागे "पाऊस". जेवणाच्या ताटावर बसल्या बसल्याही होतो. मुलाला एकदा कळलं की मराठी शब्द प्रत्यय लागताना आतून बदलतो, की अनोळखी शब्दांची संख्या पाहता पाहता कमी होते, कारण त्यातले निम्मे ओळखीचेच असतात, फक्त वेषांतर केलेले.

तिसरं, फसवे शब्द. दिसायला तेच, अर्थ भलताच. "शिक्षा" हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. "सही" हिंदीत बरोबर, मराठीत स्वाक्षरी. "खाली" हिंदीत रिकामं. "अभ्यास" हिंदीत सराव. "चेष्टा" हिंदीत प्रयत्न, मराठीत टर उडवणं. "जागा", "संसार", "खून" हेही याच रांगेतले. "राजाने त्याला शिक्षा दिली" हे वाक्य इंदुरातल्या मुलाला राजाने शाळेत घातल्यासारखं वाटतं, आणि पुढची गोष्ट बिघडते. यावर हसू नका, उलट हा खजिना आहे. फ्रिजच्या दारावर एक कागद लावा, जो फसवा शब्द सापडेल तो मुलाने स्वतः लिहायचा, दोन्ही अर्थांसह. आई-बाबांनाही सुचेल तसा भर घालू द्या. ही यादी लहान मुलं ज्या हौसेने वाढवतात तितकी हौस त्यांना धड्याखालच्या शब्दार्थांची कधीच नसते.

लिंगाचं काय करायचं? हिंदीत दोन, मराठीत तीन. "माझी पुस्तक", "माझी आवाज", "खूप मजा आला" हे तिन्ही हिंदीतून सरळ आलेले. वाचताना यावर एक शब्दही बोलू नका. लिहिताना काय करायचं ते पुढे आहे.

रोजची पंधरा मिनिटं

वेळ ठरलेली हवी, आणि ती गृहपाठानंतरची रात्री साडेनऊची नको. त्या वेळी डोकं दमलेलं असतं. जेवणाआधीचा वेळ उत्तम.

पहिली पाच मिनिटं तुम्ही वाचा, मुलाला पान दिसेल असं बसून, बोट ओळीखाली सरकवत. पुढची पाच मिनिटं एक वाक्य तुम्ही, तेच वाक्य मूल. मग तोच परिच्छेद दोघे एकत्र. शेवटची तीन-चार मिनिटं मूल एकटं. हाच परिच्छेद, सत्तर-ऐंशी शब्दांचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही वाचायचा. तिसऱ्या दिवशी तो वाचताना जीभ अडखळत नाही, आणि मुलाला आपलंच वाचन पहिल्यांदा गोड लागतं. रोज नवं पान उलटण्याची घाई केली की हा क्षण कधी येतच नाही. मराठी वाचनाचे प्रयत्न दोन आठवड्यांत सोडून दिले जातात, त्यातले बरेच याच घाईपायी.

मूल शब्दाला अडलं की मनात पाचपर्यंत मोजा. तेवढ्यात नाही जमलं तर शब्द सरळ सांगून टाका. "ब ला काना बा" करत बसलात तर गोष्ट हातून निसटते. वाक्य पूर्ण होण्याआधी सुधारायचं नाही. चुकीच्या वाचनाने अर्थ बदलत नसेल तर अजिबात सुधारायचं नाही.

बंद करताना अर्ध्यावर बंद करा, जसं गोष्टीत दार वाजलं की ते कुणी उघडलं हे न वाचता. उरलेलं पान मूल स्वतः बघायला गेलं तर बघू द्या.

घरात आजी असेल आणि तिला बारीक अक्षर दिसत नसेल, तर तिला रोज चार मथळे वाचून दाखवणं हे मुलाचं काम करून टाका. इथे वाचण्यामागे खरं कारण आहे: ऐकणाऱ्याला ती बातमी हवी आहे. आजीने फक्त एक करायचं, मध्ये चुका काढायच्या नाहीत. "मग पुढे काय झालं?" एवढंच विचारायचं.

पुस्तक हातात कोणतं द्यावं

इंदूरचं मराठीपण जुनं आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे १९३५ साली भरलं, २००१ सालीही भरलं. जुन्या घरांमध्ये पुस्तकांची कपाटं आहेत. पण ती आजोबांच्या आवडीची, आजोबांच्या मराठीतली. मुलाला सुरुवात त्या कपाटातून करून देणं ही प्रेमापोटी होणारी चूक आहे. बोधकथांचंही तसंच. शेवटी उपदेश येणार हे मुलाला तिसऱ्या ओळीला कळतं.

पातळी ठरवायला पाच बोटं पुरतात. कुठलंही एक पान उघडा, मुलाने वाचताना न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. दोनपर्यंत बोटं, पुस्तक त्याने एकट्याने वाचावं. तीन-चार, तुमच्याबरोबर. पाचही दुमडली तर ते तुम्ही वाचून दाखवायचं पुस्तक आहे. चौथीतल्या मुलाला मराठीत दुसरीचं पुस्तक लागलं तर त्यात कमीपणा नाही, पण मुखपृष्ठावर "इयत्ता दुसरी" लिहिलेलं असेल तर त्याला लाज वाटते. कव्हर घाला.

आता दोन भाषांतली जोडपुस्तकं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर अनेक गोष्टी हिंदीतही आहेत आणि मराठीतही, चार पातळ्यांत, मोफत. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतही एकच पुस्तक अनेक भाषांत निघतं. सोमवारी गोष्ट हिंदीत वाचायची, मंगळवारी तीच मराठीत. गोष्ट माहीत असल्यामुळे सगळी शक्ती भाषेकडे जाते. मात्र मंगळवारी हिंदी प्रत नजरेआड ठेवा. दोन्ही शेजारी ठेवल्या की मूल हिंदीच वाचतं आणि मराठीवरून नुसती नजर फिरवतं. छापून घेत असाल तर अक्षर १८ पॉइंटच्या खाली नको.

"किशोर" हे बालभारतीचं मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. सगळा अंक देऊ नका. कोडी, विनोद, चित्रकथा, एवढंच आधी. आणि गणपतीच्या दिवसांत आरतीसंग्रह. त्यातली मराठी जुनी आहे हे खरं, पण शब्द मुलाला तोंडपाठ असतात. पाठ असलेल्या ओळीवर बोट फिरवत गेलं की कान डोळ्यांना वाट दाखवतो. रोज चार ओळी, अर्थ विचारला तरच सांगायचा.

लिहितं करायचं तर उत्तर द्यावं लागेल

रोज पानभर शुद्धलेखन उतरवून काढायला लावणं हा घराघरातला जुना उपाय आहे. त्याने अक्षराला वळण येतं, लिहिण्याची इच्छा मात्र त्याने येत नाही. ज्या लिखाणाची वाट कुणी पाहत नाही ते लिखाण मूल ओझं म्हणूनच करणार.

त्याऐवजी एक उत्तराची वही करा. खजुरी बाजारातून शंभर पानी एकरेघी वही आणा, साधी. डावीकडे मूल तीन ओळी लिहील, उजवीकडे तुम्ही त्याच संध्याकाळी उत्तर लिहाल. तिथे लाल पेन नाही, शेरा नाही, "छान" सुद्धा नाही. उत्तरात एक प्रश्न हवा, ज्याचं उत्तर फक्त मुलालाच माहीत आहे. समजा मुलाने छप्पन दुकान या इंदुरातल्या खाऊगल्लीबद्दल लिहिलं:

"आज मी दादा सोबत छप्पन ला गेलो. तिथे खूप भीड होती. मजा आला."

तुमचं उत्तर असं:

"दादासोबत छप्पनला गेलास! रविवारी तिथे गर्दी असतेच. मला खोपरा पॅटीस खाताना फार मजा येते. तुला कशाची मजा आली? बसायला जागा मिळाली का?"

"दादासोबत" आणि "छप्पनला" जोडून आले, "भीड" ऐवजी "गर्दी" आली, "मजा आली" दोन रूपांत दिसली. चूक दाखवली कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी लगेच सुधारणा दिसणार नाही, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागते. मोठ्यांचं उत्तर दोन दिवस राहिलं तर वही तिथेच मरते, मुलाच्या आळसाने नव्हे. तेव्हा उत्तर देणं जमणार असेल तरच सुरू करा, आणि जमत नसेल तर हे काम आजी-आजोबांकडे द्या. आजोबांचं अक्षर गिचमिड असेल तर त्यांनी मोठं आणि सुटं लिहावं, एवढी अट.

विषय काय द्यायचे? "माझा आवडता प्राणी" नको. पोहे द्या. घरचे कांदेपोहे आणि कोपऱ्यावरचे इंदुरी पोहे यांत फरक काय, हे लिहायला सांगा. कोपऱ्यावर पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवलेले असतात, त्यात बडीशेप असते, वर शेव, कांदा आणि जिरावन हा इंदुरी मसाला पडतो, शेजारी जिलेबी. घरी मोहरी तडतडते, कांदा परतला जातो, झाकण ठेवून वाफ आणतात, वर ओलं खोबरं. मूल हे सगळं पाहतं, पण त्याच्याकडे शब्द दोनच असतात, "डालो" आणि "पकाओ". इथे निवडणं, धुणं, निथळणं, चिरणं, परतणं, भुरभुरवणं अशी क्रियापदं हाताशी येतात, आणि हातात खरी वस्तू असल्यामुळे ती विसरत नाहीत.

मग कृती लिहायला लावा: एका ओळीत एकच काम. रविवारी तुम्ही अगदी त्या कागदाप्रमाणे पोहे करा, कागदात नाही ते करायचं नाही. गॅस आणि सुरी तुमच्या हातात, वाचणं मुलाच्या. मीठ लिहायचं राहिलं असेल तर अळणी पोहेच ताटात येतील. "पोहे धुवा" लिहिलं आणि "निथळा" राहिलं तर लगदा होईल. मूल स्वतः उठून पेन आणतं आणि ओळ घुसवतं. वाचणारा आपल्या डोक्यात डोकावू शकत नाही, जे हवं ते कागदावर लागतं, ही लेखनातली सगळ्यांत अवघड समज अशी एका बैठकीत येते.

पोस्टकार्डही अजून टपाल कचेरीत मिळतं. पुण्याच्या आत्याला पाच ओळी, त्यात तिला उत्तर द्यावंच लागेल असा एक प्रश्न. पत्ता मुलाने लिहायचा, पिनचे सहा आकडे चौकटींत: पुण्याचा ४११ ने सुरू होतो, आपला ४५२ ने. आत्याला आधी फोन करून सांगून ठेवा की उत्तर कार्डानेच पाठव, फोनवर "मिळालं रे" म्हणू नकोस. स्वतःच्या नावाने आलेलं टपाल मुलाला ज्या आनंदाने नाचवतं, त्याला जोड नाही.

चुकांचं काय

आठवड्यात एकच प्रकार. सगळ्या चुका एकदम दाखवल्या तर मूल छोटी, सुरक्षित वाक्यं लिहू लागतं, आणि तेच मोठं नुकसान. उत्तराच्या वहीतून एक प्रकार निवडा, वेगळ्या कागदावर पाच शब्द घ्या, रविवारी दहा मिनिटं.

इंदुरातल्या मुलांसाठी क्रम साधारण असा ठेवता येतो. आधी न आणि ण: पानी-पाणी, आनि-आणि. मग जोडून लिहिणं: घर ला, दादा सोबत. मग शेवटचं अक्षर. हिंदीत शक्ति, कवि, गुरु ऱ्हस्व. मराठीत शक्ती, कवी, गुरू दीर्घ. अपवाद मोजके, "आणि", "नि", "परंतु" हे रोजचे. त्यानंतर "फूल" पण "फुलांचा", "मूल" पण "मुलाला", "विहीर" पण "विहिरीत". हिंदीत "फूलों" दीर्घच राहतो म्हणून इथे गफलत ठरलेली. लिंगाची चूक सर्वांत शेवटी, कारण ती नियमाने जात नाही, ऐकून जाते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे १४ आणि १९७२ साली वाढवलेले ४, असे एकूण १८ आहेत. ते मोठ्यांनी जरूर वाचावेत, मुलाच्या हातात देऊ नयेत.

आणि "मी करून राहिलो", "तो जाऊन राहिला" याचं? ही आपली इंदुरी मराठी आहे, चूक नव्हे. घरात पिढ्यान्‌पिढ्या अशीच बोलली जाते. पुण्याची चुलत भावंडं हसतात म्हणून आपणही हसलो तर मूल मराठीत तोंडच उघडणार नाही, लिहिणं दूरच. गोष्टीत पात्र बोलत असेल तिथे "करून राहिलो" तसंच ठेवू द्या. निवेदनात "करतो आहे" कसं येतं ते फक्त शेजारी दाखवा. दोन्ही येणं ही श्रीमंती आहे, असं मुलाला मनापासून सांगा.

पानामागे पैसे किंवा पुस्तकामागे चॉकलेट देऊ नका. मूल सगळ्यांत पातळ पुस्तक शोधू लागतं, आणि बक्षीस थांबलं की वाचन थांबतं. पाहुण्यांसमोर "वाचून दाखव बरं" हेही नको.

रविवारचा वर्ग भरवायचा असेल तर

बारा मुलं पुरे. जास्त झाली तर दोन मोठी माणसं लागतात. सव्वा तास: दहा मिनिटं कोडी आणि फसवे शब्द, पंधरा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवणं, वीस मिनिटं दोघा-दोघांचं वाचन (मोठं मूल लहानासोबत), वीस मिनिटं लेखन, दहा मिनिटं पुस्तकांची देवघेव. क्रम बदला, पण मोठ्याने वाचून दाखवणं कधीही गाळू नका. वेळ कमी पडला की आधी तेच गाळलं जातं, आणि वर्ग मग शाळेसारखा होतो.

बारा मुलांना चाळीस पुस्तकं तरी हवीत. वीस असतील तर तिसऱ्या आठवड्यात निवडायला काही उरत नाही. ती कपाटात उभी रचू नका, सुतळीवर चिमट्यांनी मुखपृष्ठ समोर येईल अशी टांगा. देवघेवीची वही मुलांनीच ठेवावी: नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख आणि शेवटी "कसं वाटलं" एका शब्दात. तो शेवटचा रकाना बाकीची मुलं वाचतात आणि त्यावरून पुस्तक मागतात. दंड ठेवू नका. हरवल्याच्या भीतीने मुलं पुस्तक नेत नाहीत, आणि नेलं नाही तर सगळा खटाटोप वाया. चाळिसातली चार वर्षाला फाटतील किंवा हरवतील, एवढी तयारी ठेवा.

गणेशोत्सवात भित्तिपत्रक काढा. दहा दिवस, रोज एक चार्ट पेपर, मंडपात डोळ्यांच्या उंचीवर. मुलांच्या डोळ्यांच्या, मोठ्यांच्या नव्हे. एका अंकात पाच-सहा मजकूर: कालच्या स्पर्धेची बातमी, एक कोडं, मंडपातल्या कुणा आजोबांना विचारलेले तीन प्रश्न, प्रसादाची कृती, हरवलं-सापडलं. शेवटच्या अंकात अनंत चतुर्दशीच्या झांकी, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, पाहून आल्यावर काय दिसलं, काय ऐकू आलं. कच्चं पेन्सिलीने छोट्या कागदावर, एकदा मोठ्याने वाचून, मग पक्कं स्केचपेनने. इथे एक मोह आवरावा लागतो: कार्यकर्त्यांपैकी कुणाचं तरी अक्षर सुंदर असतं आणि ते म्हणतात, "द्या, मी लिहून देतो." नाही द्यायचं. वेडंवाकडं अक्षर मुलाचं आहे म्हणूनच त्याचं अख्खं घर ते वाचायला मंडपात येतं.

सुरुवात जूनच्या उत्तरार्धात, शाळा सुरू होताना करा, म्हणजे गणपतीपर्यंत हात बसलेला असतो. फेब्रुवारीत नवं काही सुरू करू नका. परीक्षांच्या दीड-दोन महिन्यांत सगळं बंदही करू नका. मुलाने वाचायचं थांबवा, तुम्ही पाच मिनिटं वाचून दाखवणं चालू ठेवा, आणि उत्तराच्या वहीत एक ओळ, "आज गणित कसं गेलं?" एवढी. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहून भिजून घरी आलेलं मूल त्या वहीत न सांगता अर्धं पान लिहितं. ते पान वाळत टाका, आणि संध्याकाळी विसरू नका, उत्तर लिहा.